एकमताने मंजूर झालेलं बाक

ती. ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार पोचावा, आणि पोचला की आधी खाली बस, उभ्याने वाचू नकोस. भावोजींनाही नमस्कार. त्यांच्या दाढेचं काय झालं? काढली, की अजून 'बघू, बघू' चाललंय? दोन्ही पोरींना आशीर्वाद. (थोरली आता नोकरीला लागली. तिला आशीर्वाद चालतात की नुसतं कौतुक करायचं, ते कळव.) इकडे आम्ही सगळे क्षेमकुशल आहोत. हे वाक्य सवयीने लिहिलं गेलं. सव्वीस वर्षं महापालिकेच्या सभांची इतिवृत्तं लिहिणाऱ्या माणसाचं पेन कागदाला टेकलं की पहिली थाप अशी आपसूक निघते. तुझी वहिनी ठीक आहे, मी ठीक आहे, गॅलरीतलं रोपसुद्धा ठीक आहे. बाबा ठीक नाहीत.

तुझं पत्र मिळून महिना झाला. पेपरातलं बाबांच्या फोटोचं कात्रण तू चौकटीत घालून भिंतीवर लावलंस, शेजारणींना बोलावून दाखवलंस, आणि वर मला सुनावलंस, की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जो माणूस अख्ख्या महापालिकेला आराखड्यातली चूक काढून दाखवतो त्याच्या डोक्याची काळजी तू कशाला करतोस, तुला लहानपणापासून रडगाणं गायची खोडच आहे. आहे खोड. नाकारत नाही. पण ताई, त्या कात्रणात छापलेलं बोलणं बाबांचं नाही, माझं आहे. (फोटो त्यांचाच आहे आणि बरा आलाय, तो राहू दे.) तू पत्र लिहिलंस तेव्हा तुझ्या अक्षरातून आनंद सांडत होता, आणि तो पुसायचं काम माझ्याकडे आलंय. हे काम मी महिनाभर टाळलं. आता सगळं सुरुवातीपासून लिहितो. लांबेल जरा. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, आणि या मुद्द्यावर तर यावंसंच वाटत नाही.

आधी माझ्या कामाबद्दल थोडं, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. सभेत जो कुणी जे काही बोलतो ते मी शॉर्टहँडमध्ये जसंच्या तसं उतरवतो, आणि दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून त्याचं इतिवृत्त करतो, म्हणजे ते माणसात आणतो. एका नगरसेवकाने दुसऱ्याच्या अंगावर फाइल भिरकावली, तर मी लिहितो, 'सदस्यांनी संबंधित कागदपत्रे सभागृहासमोर ठेवली.' दोघांनी एकमेकांची कॉलर धरली, तर 'विषयावर सखोल चर्चा झाली.' एखादे सदस्य घोरू लागले, तर 'सदस्यांनी प्रस्तावास हरकत घेतली नाही.' याला फसवणूक म्हणू नकोस, ही इस्त्री आहे. बोलण्याच्या सुरकुत्या काढायच्या आणि कापड तेच ठेवायचं. सव्वीस वर्षांत मी एकदाही कापड बदललं नव्हतं. (एकदा एका नगरसेविकेने मला तसं करायला सांगितलं होतं. मी नाही म्हटल्यावर तिने वर्षभर मला नमस्कार केला नाही. मी तेही नोंदवलं नाही.)

आता ते कन्व्हेन्शन सेंटर, म्हणजे मोठमोठी अधिवेशनं भरवायची इमारत. आपलं जुनं सभागृह, ज्याची बाबांनी एकतीस वर्षं व्यवस्थापक म्हणून निगा राखली, ते पाडायचं आणि त्या जागी हे उभं करायचं असा महापालिकेचा प्रस्ताव आहे. तळमजल्यावर काचेच्या पेटीत त्याची प्रतिकृती ठेवली आहे. पांढरीशुभ्र इमारत, स्पंजची झाडं, आणि नखाएवढी माणसं, सगळ्यांच्या हातात बॅगा आणि एकालाही तोंड नाही. प्रकल्पाचे सल्लागार म्हणून एक गृहस्थ आणलेत. ते सांगतात, की सेंटर झालं की दहा हजार दंतवैद्य अधिवेशनाला इथे येतील. दंतवैद्यच का, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून शहरात दुसरा विषय नाही. ते उतरणार कुठे, जेवणार कुठे, एकमेकांचे दात बघणार का. आपल्याकडे धड म्हणावेत असे लॉज दोन, त्यातल्या एकाला आतून कडी नाही. पैसा कुठून आणणार असं विचारलं तर उत्तर तयार, कर्ज काढायचं आणि हॉटेलांच्या खोल्यांवर कर लावून ते फेडायचं. यावर निवृत्त गणिताच्या बाईंनी उभं राहून विचारलं, की खोल्या किती आहेत? सल्लागार म्हणाले, होतील. बाई खाली बसल्या आणि पर्समधून डोकेदुखीची गोळी काढून त्यांनी घेतली. व्यापारी मंडळ प्रस्तावाच्या बाजूने, नागरिक समिती विरोधात. समितीचे पुढारी म्हणजे सभागृहासमोरचे चपलांचे दुकानदार. त्यांना सगळे 'एक मिनिट' म्हणतात, कारण ते प्रत्येक वाक्याआधी 'एक मिनिट' म्हणून हात वर करतात आणि तो हात वीस मिनिटं खाली येत नाही. त्यांचं म्हणणं, की पाण्याच्या पाइपलाइनी गळतात, बसथांब्याला छप्पर नाही, आणि यांना दंतवैद्य सुचतात.

तर ठरलं असं, की लोकांचं म्हणणं ऐकायला पाच बुधवार जनसुनावणी घ्यायची, दुपारी चार वाजता, त्याच जुन्या सभागृहात. ज्याला बोलायचंय त्याने दारात चिठ्ठी भरायची, तीन मिनिटं मिळणार, वेळ संपली की शिपाई घंटा वाजवणार. पहिल्या बुधवारी जेवण झाल्या झाल्या बाबा कोट चढवून तयार. तुझ्या वहिनीने विचारलं, कुठे, तर म्हणाले, ड्यूटी. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली हे त्यांना सांगायची आमची छाती झाली नाही. (दीड-दोन वर्षं हे असंच चाललंय, ताई. साखरेचा डबा फ्रिजमध्ये, चष्मा साखरेच्या डब्यात. मी तुला दोनदा लिहिलं होतं. तू म्हणालीस, माझाही चष्मा हरवतो.) मी विचार केला, माझं टेबल मंचाच्या खालीच असतं, नजरेसमोर राहतील. घेऊन गेलो.

त्या दिवशी बाबा काय बोलले म्हणतेस! आधी माइकची मान सरळ केली, बोटाने एक टिचकी मारली, वीतभर मागे सरकले, जसे उभ्या आयुष्यात हजार वक्त्यांना शिकवत आले तसे. मग जुन्या सभागृहाच्या छताचं लाकूड किती मुरलेलं आहे, शेवटच्या रांगेत कुजबुज कशी ऐकू जाते, पाडायचं असेल तर आधी एकदा तिथे बसून बघा, असं बरोबर तीन मिनिटांत. घंटेची गरज पडली नाही. 'एक मिनिट' उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वहीत त्यांच्या नावाखाली दोनदा रेघ ओढली, इतका मला अभिमान वाटला. वाटलं, मी उगाच घाबरत होतो, तुझंच खरं.

दुसऱ्या बुधवारी त्यांनी पुन्हा चिठ्ठी भरली आणि तेवढ्याच ऐटीत प्रस्तावाच्या बाजूने बोलले. मुद्दे तेच! लाकूड मुरलेलं, म्हणजे जुनं झालं, पाडा. शेवटच्या रांगेतली कुजबुज ऐकू येते, म्हणजे कुणाला काही खाजगी बोलायची सोय नाही, पाडा. या वेळी व्यापारी मंडळाने टाळ्या वाजवल्या. 'एक मिनिट' यांचा हात वर गेला, पण तोंडातून शब्द फुटला नाही. त्यांच्या ओळखीत हे पहिल्यांदाच झालं म्हणतात. लोकांना वाटलं, म्हातारा थट्टेखोर आहे, दोन्हीकडच्यांची फिरकी घेतोय. मी इतिवृत्तात लिहिलं, 'वक्त्यांनी विषयाच्या दोन्ही बाजू समतोलपणे मांडल्या.' ही इस्त्रीच होती. इथपर्यंत कापड शाबूत होतं.

तिसऱ्या बुधवारी बाबा माइकपाशी गेले, महापौरांकडे टक लावून पाहिलं, आणि एकदम भडकले. महापौरांना ते खुर्च्या पुरवणारा कंत्राटदार समजले. (महापौर जाडजूड आहेत, पांढरा सदरा घालतात. तो कंत्राटदारही तसाच होता, तुला आठवत असेल.) "किती वेळा सांगायचं तुम्हाला? खुर्च्या पुढच्या दारानं आणायच्या नाहीत. पाहुणे कुठून येतील मग? मागचं दार कशाला ठेवलंय?" मी महापौरांकडे बघत होतो. माणूस राजकारणात आहे, मला त्यांच्याकडून फारशी आशा नव्हती. पण ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि म्हणाले, "चुकलं साहेब. मागून आणतो." बाबा म्हणाले, "लगेच," आणि खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी बसलो, समोर शॉर्टहँडची वही. जे झालं ते लिहायचं तर बाबांचं हसं झालं असतं, छापील, शिक्क्यासकट. वगळायचं तर नोंदवहीत वक्ते तेवीस आणि भाषणं बावीस. मी दोन कप चहा घेतला आणि लिहिलं, 'प्रस्तावित आराखड्यात सामानाची ने-आण करण्यासाठी मागील बाजूस स्वतंत्र प्रवेशद्वार आहे काय, अशी वक्त्यांनी पृच्छा केली.' ताई, मी फक्त लाज झाकत होतो. पण इतिवृत्त वाचून शहर अभियंता तळमजल्यावर गेला, काचेच्या पेटीभोवती फिरला, आणि त्याच्या लक्षात आलं, की इमारतीला मागचं दार खरोखरच नाही. दहा हजार दंतवैद्यांच्या वीस हजार बॅगा आणि खुर्च्या आणि जेवणाची भांडी सगळी पुढच्या दाराने आत जाणार होती. सल्लागारांचा चेहरा उतरला. आपल्या पेपराचा बातमीदार सुनावणीला येत नाही, कॅन्टीनमध्ये बसतो आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडून इतिवृत्त नेऊन त्याची बातमी करतो. ती ही बातमी. तुझ्या भिंतीवर आहे ती.

मला तेव्हाच थांबायला हवं होतं. बाबांना चौथ्या बुधवारी नेलं नसतं तरी चाललं असतं. पण त्यांना रस्त्यात लोक नमस्कार करू लागले होते, न्हाव्याने दुकानात पहिला नंबर दिला, आणि घरी ते ताठ बसून पेपर वाचू लागले होते. आणि मला, खरं सांगतो, माझीच वाक्यं त्यांच्या नावावर छापून आलेली बघायला आवडू लागलं होतं. सव्वीस वर्षांत माझ्या लिखाणाचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

चौथ्या बुधवारी ते माइकपाशी गेले, टिचकी मारली, वीतभर मागे सरले, आणि दाराकडे बघत राहिले. मग हळू आवाजात बोलले. त्यांचे शब्द असे होते: "माझी बायको बाहेर उभी आहे. दोन वाजल्यापासून. मी तिला आत बसू देत नाही, घरच्यांना फुकट सोडायचं नाही असा माझाच नियम आहे. पण बाहेर निदान बसायला काहीतरी ठेवा. तिचे पाय दुखतात. ती सांगत नाही." एवढंच बोलून ते उभे राहिले, कुणीतरी उत्तर देईल म्हणून. शिपायाचा हात घंटेवर होता, त्याने तो काढून घेतला. 'एक मिनिट' खाली मान घालून बसले होते. त्यांचं दुकान समोरच, त्यांनी आईला तिथे उभं असलेलं वर्षानुवर्षं बघितलं होतं. आपणही बघितलं होतं, ताई. शाळेतून येताना आपण तिच्याजवळ थांबायचो, आतून गाण्याचा आवाज यायचा, आणि ती सांगायची, बाबा कामात आहेत, बाहेरूनही छान ऐकू येतं.

मी जागेवरून उठून त्यांना खाली आणलं. दुसऱ्या दिवशी वही उघडली तेव्हा त्या चार ओळी मला नीट दिसेनात. शेवटी लिहिलं, 'प्रवेशद्वाराजवळ ज्येष्ठ नागरिक व महिलांसाठी बसण्याची कायमस्वरूपी व्यवस्था असावी, अशी वक्त्यांनी सूचना केली.' आणि काय सांगू, महिनाभर जे दोन पक्ष एकमेकांकडे बघत नव्हते त्यांनी त्याच आठवड्यात महापौरांनी बोलावलेल्या बैठकीत ही सूचना उचलून धरली. व्यापारी मंडळाने मांडली, 'एक मिनिट' यांनी हात वर न करता अनुमोदन दिलं. बाक एकमताने मंजूर झालं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की बाबा हे असं बोललेच नव्हते. सगळ्यांनी मिळून माझी थाप उचलली, आणि मला वाटलं, की चला, आपलं शहर तसं वाईट नाही.

आता पाचवा बुधवार. शेवटच्या बैठकीत पहिलं काम म्हणजे मागची इतिवृत्तं कायम करायची. महापौर विचारतात, कुणाची हरकत? सगळे गप्प बसतात, ते म्हणतात, कायम. सव्वीस वर्षांत एकही हात वर झालेला मी पाहिला नाही. हरकत घ्यायला आधी इतिवृत्त वाचावं लागतं, ही त्यातली मुख्य अडचण. पण बाबांनी वाचलं होतं. मी घरी आणलेली छापील प्रत त्यांनी ओळीखाली फूटपट्टी धरून, पूर्वी सामानाच्या याद्या तपासायचे तशी, दोन दिवस वाचली होती, आणि मला वाटत होतं, की बघताहेत फोटो. त्यांनी हात वर केला. उभे राहिले. "मी हे बोललेलो नाही," म्हणाले.

महापौरांनी सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. म्हणाले, आशय तोच आहे साहेब. पण समोर कोण आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ज्या माणसाने बायकोला एकतीस वर्षं नियमासाठी बाहेर उभी ठेवली, तो सभेचे नियम विसरला नव्हता. बाकी सगळं गेलंय, ते राहिलंय. ते म्हणाले, "इतिवृत्तावर हरकत आली की लेखनिकानं मूळ टिपण वाचून दाखवायचं असतं. वाचा." आणि माझ्याकडे बोट केलं. मी त्यांचा मुलगा आहे हे त्या क्षणी त्यांना माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

मी वही उघडली. पानं उलटायला मुद्दाम वेळ लावला. ताई, मला सभागृहात बोलायची सवय नाही. मी खाली बसून दुसऱ्यांचं लिहिणारा माणूस. माझा आवाज इतका बारीक निघाला, की मागून कुणीतरी "मोठ्याने" म्हणालं, आणि मला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं. माझी बायको बाहेर उभी आहे, दोन वाजल्यापासून, शेवटच्या 'ती सांगत नाही'पर्यंत. बाबा कानामागे तळहात धरून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी हात खाली घेतला. मग सगळ्या सभागृहापलीकडून मला विचारलं, "ती गेली ना रे?" मी म्हणालो, हो बाबा. "कधी?" म्हटलं, चार वर्षं झाली. त्यांनी मान हलवली, एखाद्या हिशेबातली चूक सापडावी तशी. मग महापौरांकडे वळले आणि अगदी व्यवस्थापकाच्या आवाजात म्हणाले, "इतिवृत्तात खोटं आहे ते खोडा. बाक मात्र राहू द्या."

खोडलं. मीच खोडलं, लाल शाईने, आणि समासात सही केली. माझ्या हातून त्यांचं एक वेळ हसं होऊ देणं बरं होतं, असं आता वाटतं. माझी ती नीटनेटकी वाक्यं वाचूनच त्यांना कळलं, की आपण असं बोलत नाही, आणि मग आपण काय बोलतो असा प्रश्न त्यांना पडला. महिनाभर मी त्यांची अब्रू राखत होतो, आणि शेवटी पाचशे माणसांसमोर त्यांना आईचं जाणं नव्याने सांगणारा मीच. त्या संध्याकाळी ते आई गेली म्हणून रडले. सकाळपर्यंत विसरले होते. मी विसरलो नाही.

प्रस्तावाचं काय झालं ते राहिलंच. मतं समसमान पडली, निर्णायक मत महापौरांचं, आणि ते म्हणाले, सहा महिन्यांनी बघू. सल्लागार काचेची पेटी घेऊन दुसऱ्या गावी गेले. बाक मात्र मंजूर असल्यामुळे बांधकाम खात्याला ते बसवणं भाग होतं, सेंटर नाही तर नाही म्हणून त्यांनी ते जुन्या सभागृहाच्या दाराशी बसवलं. म्हणजे कन्व्हेन्शन सेंटरचा एवढाच भाग आजवर बांधून झालाय. जाड लाकडाचं आहे, तिघं बसतील असं. दुपारी मी बाबांना तिथे सोडतो, 'एक मिनिट' दुकानातून लक्ष ठेवतात आणि मध्येच चहा पाठवतात. बाबा अगदी कडेला बसतात. कुणी शेजारी टेकायला आलं तर त्याला सभ्यपणे सांगतात, की जागा धरलेली आहे.

असो. भावोजींना नमस्कार सांग, पोरींना आशीर्वाद की कौतुक ते वर विचारलंच आहे. प्रकृतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहून गेलं. इतिवृत्तात खाडाखोड केल्याबद्दल मला 'कारणे दाखवा' अशी नोटीस आली आहे. भावोजी कचेरीत होते, त्यांना अशा उत्तरांची सवय. एक मसुदा करून पाठवतील का? फार नम्र नको, पण नोकरी टिकेल इतपत असावा.

ता. क. दुसरा. मसुद्याचं राहू दे. तो मी करू शकतो, तेच माझं काम आहे. तुला विचारायचं होतं, की तुला सुट्टी कधी मिळेल. सोयीने ये, असं मी आधी लिहिलं होतं आणि खोडलं, तुला दिसतंच असेल. सोय बघू नकोस.

ता. क. तिसरा. एक कबुली उरली आहे. दर रविवारी बाबा तुझ्याशी फोनवर बोलतात, तुझ्या पाठीचं विचारतात, धाकटीच्या परीक्षेचं विचारतात, आणि तू नंतर मला म्हणतेस, बघ, सगळं लक्षात आहे त्यांच्या. ताई, ते मी लिहून फोनजवळ ठेवलेल्या चिठ्ठीवरून वाचतात. दीड वर्ष झालं. तुला बरं वाटावं म्हणून सुरू केलं आणि मग थांबवता आलं नाही. गेल्या रविवारी फोन ठेवल्यावर त्यांनी चिठ्ठीची घडी घालून मला परत दिली आणि विचारलं, "या बाई कोण रे? किती मायेनं बोलतात." मी म्हटलं, बाबा, ताई होती, तुमची मुलगी. ते फोनकडे बघून म्हणाले, "मग लांबून कशाला बोलते? तिला म्हणावं, येऊन जा." म्हणून हे पत्र.